हौदातलं पाणी हिरवं, लिली पिवळ्या, कमळाला कळी नाही. मोरचूद टाकू का?

हौस_मोठी_हौद_लहान (सांगली), १२ ऑक्टोबर

नमस्कार. आजवर इथे नुसतं वाचत होते, आज विचारायची वेळ आली.

सांगलीजवळ आमचं नवं घर आहे. पाणी ईशान्येलाच हवं असं सासूबाईंच्या मनात होतं, म्हणून त्या कोपऱ्यात हौद बांधून घेतला. ८ फूट बाय ५ फूट, अडीच फूट खोल, आतून सिमेंटचा गिलावा. एप्रिलमध्ये काम संपलं. मे महिन्यात नर्सरीतून चार वॉटर लिली आणल्या: दोन गुलाबी, एक पिवळी, एक जांभळी. नर्सरीतल्या कुंड्या तशाच हौदाच्या तळाला ठेवल्या. सहा गोल्डफिश सोडले. कमळ शेजारी वेगळ्या टबात आहे.

जून-जुलैत जांभळी आणि गुलाबी छान फुलल्या. गल्लीतली पोरं फोटो काढायला येत होती. आता पाणी पालकाच्या रसासारखं झालंय. दर रविवारी हौद रिकामा करून घासतो, बोअरचं पाणी भरतो, गुरुवारपर्यंत पुन्हा हिरवं. लिलीची जुनी पानं पिवळी होऊन कुजतात आणि नवी येतात ती तळहाताहून लहान. पानांवर काळ्या बारीक किड्यांची दाटी झालीय, काही पानांचे कडेचे लांबट गोल तुकडे कुणीतरी कापून नेलेत. पाण्यावर तपकिरी भुसा तरंगतो, तो कुठून येतो कळत नाही. कमळाला पानं भरपूर, कळी एकही नाही, आणि आता पानांच्या कडा करपायला लागल्यात. त्यात शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतात, "डास तुमच्याकडूनच येतात ना गं?"

खत म्हणाल तर दर पंधरवड्याला १९:१९:१९ दोन चमचे पाण्यात विरघळवून हौदात आणि कमळाच्या टबात घालते. कमळाला सुरुवातीला शेणखतही भरपूर घातलं होतं.

सासरे तासगावकडचे, आयुष्यभर द्राक्षबाग केली. ते म्हणतात मोरचूद टाक, दोन दिवसांत शेवाळ साफ. मी अजून थोपवून धरलंय. काय करू?

---

गच्चीतला_शेतकरी (नाशिक)

काळे किडे म्हणजे मावा. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारा. माझ्या गुलाबांवर हमखास चालतं. आणि पाणी स्वच्छ व्हायला थोडी जलपर्णी आणून सोडा, फुकट मिळते.

---

पाणकणीस (कोल्हापूर)

मोरचूद नको. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की द्राक्षावर फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचुदाबरोबर चुना असतो, ते पानावर बसतं आणि वेलीचं रक्षण करतं. हौदात तोच तांब्याचा क्षार थेट माशांच्या कल्ल्यांना लागतो. शेवाळ मरतं हे खरं, पण एका दमात मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. तांबं तळाच्या गाळात राहतं ते वेगळंच.

निंबोळी तेल-साबणही हौदात नको. गुलाबाच्या पानावरून गळालेलं तेल मातीत जातं, लिलीच्या पानावरून गळालेलं पाण्यावर पसरतं. साबण माशांना कल्ल्यांतच बाधतो. शिवाय घरातला फवारणीचा पंप द्राक्षबागेतून आलेला असेल तर त्याला हातच लावू नका, त्यात तणनाशकाचा अंश राहिलेला असू शकतो.

मावा काढायला औषध लागत नाही. पाइपच्या तोंडावर अंगठा धरून जोरात पाणी मारा. किडे पाण्यात पडतात आणि गोल्डफिश ते आनंदानं खातात. खूपच दाटी असेल तर संध्याकाळी पानांवर जुनी मच्छरदाणी पसरायची, कडेला दगड ठेवून पानं रात्रभर पाण्याखाली दाबायची, सकाळी सोडायची. आठवड्यातून दोनदा असं केलं की मावा आटोक्यात येतो. पूर्ण जात नाही, आणि जायची गरजही नाही.

तुकडे कापणारा दुसराच आहे. एका पतंगाची अळी पानाचे दोन लांबट तुकडे कापते, एकमेकांना चिकटवते आणि मध्ये लपून राहते. पाण्यावर किंवा पानाच्या खालच्या बाजूला असे जोडतुकडे शोधा, हातानं वेचा, चिमटीत दाबा. संपलं.

जलपर्णीबद्दल: ती पाण्यातलं खत ओढून घेते हे अगदी खरं आहे, आणि तिची अडचणही तीच आहे. खायला मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट होते. आमच्या रंकाळ्यावर आणि पंचगंगेत ती काढायला माणसं आणि यंत्रं लावावी लागतात ते मी बघत आलेय. हौदातली चार रोपं जास्त झाली की माणूस ती नाल्यात टाकतो आणि नाला नदीला मिळतो. तेच काम अळू करतं. वडीचं अळू जाळीच्या कुंडीत, खडीत लावून हौदाच्या कडेला मुळं पाण्यात राहतील असं ठेवा. पाणी निवळतं आणि वड्या होतात.

आता मुख्य गोष्ट. तुमचं पाणी हिरवं का, याचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय: १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत आहे. लिली मुळानं खाते, तिचं मूळ कुंडीत. पाण्यात विरघळलेलं सगळं आधी त्या न दिसणाऱ्या एकपेशीय शेवाळाला मिळतं. माशांचं खाणं, विष्ठा, कुजकी पानं ही त्यात भर. मग दर रविवारी तुम्ही पाणी बदलता, म्हणजे शेवाळ खाणारे जे बारीक जीव नुकते वाढू लागलेले असतात तेही फेकता. बोअरच्या पाण्यातही बहुतेक वेळा नायट्रेट असतं. रोग्याला दर आठवड्याला नवं जेवण.

पुढचं सांगण्याआधी मला हवं ते कळवा:

कुंडीतली माती कसली आहे? बोट खुपसून बघा.
कुंडीच्या वर किती पाणी आहे?
हौदाच्या कुठल्या बाजूला घर आहे, किती उंच, किती लांब? ऊन कधी ते कधी?
पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) किती? मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांची बाटली मिळते. सकाळी सातच्या आत मोजा. हिरव्या पाण्याचा पीएच दुपारनंतर चढतो आणि माणूस उगाच घाबरतो.

---

हौस_मोठी_हौद_लहान

पाणकणीसताई, इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. मोरचूद माळ्यावर परत गेलं. सासरे म्हणाले, "बाई बरोबर बोलतीय."

माती: वर थोडी लाल माती, खाली सगळा नारळाचा भुसा. पाण्यावर तरंगणारं तपकिरी तेच निघालं.
पाणी: कुंडीवर जवळजवळ दीड-पावणेदोन फूट.
घर: हौदाच्या दक्षिणेला. भिंत ते हौद ४ फूट. दुमजली, साधारण २० फूट उंची. पश्चिमेला जिन्याची भिंत. ऊन सध्या सकाळी साडेदहापर्यंत, मग सावली. मे महिन्यात दिवसभर ऊन होतं, तेव्हा मी उलट सावलीची जाळी लावावी का असा विचार करत होते.
पीएच: सकाळी ८.४.

नव्या सिमेंटमुळे काही झालं असेल का? गवंडी म्हणाला होता, काही होत नाही.

---

पाणकणीस

झालं, सापडलं. ऊन.

शून्य सावलीचा दिवस ऐकला असेल. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी सांगलीच्या बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. त्या तीन महिन्यांत दुपारचं ऊन तुमच्या घराच्या उत्तर अंगाला पडतं. तुमची फुलं नेमकी त्याच काळातली. त्यानंतर घराची सावली उत्तरेला लांबायला लागते. २० फुटी घराची दुपारची सावली आत्ता ऑक्टोबरच्या मध्याला साडेनऊ फुटांच्या आसपास पडते. तुमचा हौद भिंतीपासून ४ फुटांवर सुरू होऊन ९ फुटांवर संपतो (५ फुटी बाजू भिंतीला काटकोनात धरली तर). म्हणजे भरदुपारी पूर्ण हौद सावलीत. डिसेंबरच्या अखेरीस हीच सावली १७ फुटांपर्यंत जाईल.

लिलीला फुलायला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, कमळाला त्याहून जास्त. शेवाळाला मात्र साडेदहापर्यंतचं ऊन पुरतं. म्हणून झाड उपाशी आणि पाणी हिरवं, दोन्ही एकाच वेळी.

वास्तूवर वाद घालायला मी आलेली नाही आणि सासूबाईंचा हौद हलवायची काही गरज नाही. त्यात कधी काय ठेवायचं एवढं बदला. गुलाबी आणि पिवळी लिली आता गच्चीवर टबात न्या, मे महिन्यात परत हौदात उतरवा. जांभळीचं एक बघा: जुन्या पानाचा देठ जिथे पानाला मिळतो तिथे वरच्या अंगाला छोटं पिल्लू फुटतं का? फुटत असेल तर ती बहुधा डॉबेन जातीची किंवा तिच्या कुळातली, कमी उन्हातही फुलते. तिला हौदातच राहू द्या, आणि ती पिल्लं तोडून चिखलात टेकवली की नवी झाडं. मी त्यातली कितीतरी वाटली आहेत, आता ओळखीतलं कुणी माझ्या दारात डबा घेऊन आलं की मला कळतं कशाला.

हिवाळ्यात हौद मोकळा दिसू नये म्हणून कुमुदिनी लावा. पांढरी, झालरीच्या पाकळ्यांची, कास पठारापलीकडच्या कुमुदिनी तळ्यात दिसते तीच. पाण्याच्या बागांची रोपं विकणाऱ्या नर्सऱ्यांत वॉटर स्नोफ्लेक नावानं मिळते. कासहून उपटून आणू नका, २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे आणि त्याआधीही उपटायचं नव्हतंच. कडेला वेखंड, त्याला ओल आवडते आणि अर्धं ऊन चालतं. घरात बाळ आलं की उगाळायला घरचं वेखंड.

माती. नारळाचा भुसा पाण्यात कामाचा नाही, तरंगतो आणि कुजतो. सांगलीत बसून मातीची चिंता कसली? नदीकाठची मळीची माती आणा, नाहीतर शेतातली काळी. गांडूळखत, पालापाचोळा, साखर कारखान्याची प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ), ताजं शेण यातलं काही मिसळू नका. पाण्याखाली ते कुजतं, बुडबुडे येतात, मुळं काळी पडतात. लिलीचा गड्डा काढून बघा: टणक असेल तर ठीक, मऊ आणि घाण वास असेल तर तो भाग टणक लागेपर्यंत कापा, पूर्णच मऊ असेल तर फेका आणि ती कुंडी धुऊन घ्या. पसरट भांड्यात लावा. वाढीचा शेंडा मातीच्या वर राहिला पाहिजे, तो गाडला की कुजतो. वरून बोटभर जाड वाळू, आणि गोल्डफिश आहेत म्हणून तिच्यावर थोडी मोठी खडी. ते माती उकरतातच.

कुंडी विटांवर चढवा, सुरुवातीला वर आठ इंच पाणी पुरे. पावणेदोन फुटांखालून, अंधाऱ्या हिरव्या पाण्यातून पान वर ढकलायला झाडाची सगळी ताकद जाते. नवी पानं लहान येण्याचं हेही कारण.

खत मातीत द्या. एक लहान चमचा डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून कुंडीत चार इंच खोल खुपसायचं, वरून माती दाबायची. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा. आता थंडीत नको, फेब्रुवारी संपला की सुरू करा.

सिमेंट: नव्या गिलाव्यातून चुना सुटतो आणि पीएच चढतो, हे गवंड्यानं सांगायला हवं होतं. पण सहा महिन्यांत तुम्ही इतक्या वेळा हौद घासलाय की त्यातला बराच निघून गेला असणार. ८.४ बऱ्याच अंशी बोअरचं असेल, बोअरचं पाणी वेगळं मोजून बघा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी लक्षणं असती तर मी पीएचच्या मागे लागले असते, तुमची तर जुनी पानं पिवळी होतायत. जुनं पान पिवळं व्हायचंच, देठ खालून कापून बाहेर काढा, पाण्यात कुजू देऊ नका. पुढच्या पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी हौदात वळवता आलं तर उत्तम. ज्यांचा हौद कालच बांधून झालाय त्यांच्यासाठी: पाणी भरून केळीच्या खुंटाचे तुकडे आठवडाभर टाकून ठेवायचे, पाणी काढून टाकायचं, घासायचं, पुन्हा तेच. मग झाडं.

आणि रविवारचा हौद-धुण्याचा कार्यक्रम बंद. आटेल तेवढंच पाणी वरून घाला. माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, दिवसातून एकदा. पहिले काही आठवडे पाणी आहे तसंच हिरवं राहील, कदाचित जास्त हिरवं होईल. तेव्हा सासरे पुन्हा माळ्याकडे बघतील. त्यांना धरून ठेवा. निम्म्याहून जास्त पाण्यावर पानं पसरली की फरक दिसायला लागतो.

---

गप्पीवाला (पुणे)

पाणकणीस यांनी डासांचं राहून दिलंय, तेवढं मी घेतो.

हौदात गोल्डफिश आहेत, तिथे अळ्या वाचत नाहीत. तुमचा डास कमळाच्या टबात आहे. टॉर्च मारून बघा, वळवळ दिसेल. त्यात चार-पाच गप्पी सोडा. बऱ्याच महापालिका आणि आरोग्य केंद्रं गप्पी फुकट देतात, आधी तिथे विचारा. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, त्यामुळे संख्या लवकर वाढते. जास्त झालेले दुसऱ्याच्या टबात द्या, नदीत किंवा ओढ्यात सोडू नका, हा आपल्याकडचा मासा नाही.

डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. त्यामुळे हौदापेक्षा कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचा फुटका माठ, कूलरची टाकी बघा. मासे नको असतील तर बीटीआय नावाची जिवाणूंची पावडर किंवा गोळ्या मिळतात, त्या डासाच्या अळ्यांवर चालतात, माशांना अपाय नाही.

जलपर्णी किंवा वॉटर लेट्यूस ठेवणाऱ्यांसाठी एक जादा माहिती: मॅन्सोनिया जातीच्या डासाची अळी श्वास घ्यायला पाण्यावर येतच नाही. ती या तरंगत्या झाडांच्या मुळांना टोचून तिथूनच हवा घेते. मुळांच्या जुडग्यात माशांना ती सापडत नाही. आमच्या सोसायटीत मासे असूनही डास हटेनात, मुळं बादलीत हलवून बघितली तेव्हा उलगडा झाला.

---

चष्मा_कुठंय (ठाणे)

धाग्यात घुसतोय, माफी. ऑनलाइन निळ्या कमळाच्या बिया मागवल्या आहेत, पाकिटावर चित्र आकाशी निळं. उगवायला किती दिवस लागतात?

---

पाणकणीस

कमळ गुलाबी, पांढरं, आणि अमेरिकेतलं पिवळं. निळं कमळ नसतं. निळी असते ती लिली, आणि तिच्या बिया मोहरीहून बारीक. पाकिटात हरभऱ्याएवढी काळी टणक बी आली असेल तर ती साध्या कमळाची आहे, पूजेच्या दुकानात कमळगट्टा म्हणून किलोवर मिळते तीच. तरीही लावा. बोथट टोकाकडून कानशीनं घासा, आतला पांढरा भाग दिसला की थांबा, ग्लासभर पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. आठवड्याच्या आत कोंब येतो. फूल पहिल्या वर्षी बहुधा येत नाही. बी मात्र चिवट: चीनमधल्या एका कोरड्या तळ्याच्या गाळातली सुमारे १,३०० वर्षांपूर्वीची बी शास्त्रज्ञांनी उगवून दाखवलीय.

---

हौस_मोठी_हौद_लहान

टॉर्च मारली. वळवळ होती. गप्पी आणायला मुलाला पाठवलंय. काकूंना सांगितलं नाही.

जांभळीच्या दोन पानांवर पिल्लू आहे! कुंड्या बदलायचं काम रविवारी, हौद धुण्याच्या वेळात.

शेवटचा प्रश्न. कमळाचं काय? पानं करपतायत, गच्चीवर नेऊन उपयोग होईल का, की गेलं ते?

---

पाणकणीस

गेलेलं नाही. शेणखत आणि १९:१९:१९ मिळून नत्र जास्त झालं, ऊन कमी पडलं, म्हणून पानंच पानं. कडा करपणं काही त्या खतामुळे, काही ऋतूमुळे. डिसेंबरपर्यंत सगळी पानं वाळतील, टबात नुसता चिखल दिसेल. तेव्हा घरातलं कुणीतरी "हे मेलं, टाकून देऊ का" म्हणेल. टाकू देऊ नका, खाली कमळकाकड्या तयार होत असतात. वाळलेले देठ पाण्याच्या पातळीच्या वरच कापा. देठ पोकळ असतो, खालून कापला तर पाणी आत शिरून गड्डा कुजू शकतो. चिखलावर तीन-चार इंच पाणी कायम ठेवा.

आत्ता हलवू नका. जानेवारीच्या शेवटी टब पालथा करून चिखल हातानं, हळू, खुरप्याशिवाय मोकळा करा. काकडीचा कोंब काडीसारखा मोडतो आणि कोंब मोडलेला तुकडा वाढत नाही. दोन-तीन पेरांचा, कोंब शाबूत असलेला तुकडा घ्या. बाकीच्याची भाजी करा, शेणखतातली आहे म्हणून नीट धुऊन.

टब गोल हवा, २० ते २४ इंच रुंद, तळाला भोक नको. चौकोनी टबात धावरा (चिखलात आडवं धावणारं खोड) कोपऱ्यात अडकून बसतो. आधी रिकामा टब गच्चीवर न्या आणि तिथे भरा, भरल्यावर सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या खाली नसतो, म्हणून स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली भिंत किंवा तुळई असेल तिथे ठेवा. अर्ध्याहून थोडी जास्त माती, काकडी तिरकी, कोंब वर. पहिल्यांदा पाण्यावर लोळणारी छोटी पानं येतील, तेव्हा खत अजिबात नाही. पाण्याच्या वर उभी राहणारी तीन-चार पानं आली की पहिली पुडी. गप्पी त्या टबात विसरू नका, आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पाणी रोज बघावं लागतं, सांगलीच्या उन्हात एका दिवसात बोटभर आटतं.